भातावरचं तुळशीचं पान

पाट्यावरची डाळ अर्धी वाटून झाली होती, अर्धी परातीत भिजलेली पडली होती, आणि गोपिकाच्या हातातला वरवंटा मध्येच थांबला. ओटीपोटातून कळ गेली. पहाटेपासून उकिडवं बसल्यानं असेल, असं तिनं मनाला सांगून पाहिलं. पण बाईमाणसाला ती कळ ओळखायला पंचांग लागत नाही. ती उठली, मोरीकडे जाऊन आली, आणि मागच्या पडवीतच, पाट्यापासून चार हात दूर, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेलं पोतं पायानं उलगडून त्यावर बसली.

आठ दिवस आधी. आणि नेमका आजचा रविवार.

सन चौऱ्याहत्तरचा माघ महिना होता तो. नागपूरच्या जुन्या शुक्रवारीतल्या त्या कौलारू घरात सासू जाऊन सहा वर्षं झाली होती, पण सासूचा शिरस्ता गेला नव्हता. चार दिवस चुलीला, माठाला, देवाला शिवायचं नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की मग घरात. गोपिकाला त्याचा जाच वाटत नसे. देव तिचे स्वतःचे होते, सासूनं दिलेले असले तरी. रोज पोथीचा एक अध्याय वाचल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि दुपारी भांडी झाली की वहीत चार ओळी लिहायच्या: तिथी, वार, देवाला काय नैवेद्य दाखवला, घरात कोण आलं, कोण गेलं. सव्वीस वर्षांत तिनं हा विटाळ एकदाही मोडला नव्हता, आणि मोडावा असं कधी मनातही आलं नव्हतं.

आज मात्र उमरेडहून दहाच्या गाडीनं पाहुणे येणार होते. लेकीला पाहायला.

लेक पंचफुला चोवीस वर्षांची. सदर भागात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी. सकाळी सहाची ड्यूटी करून अडीचला घरी येणार. रजा मागितली होती, पण दोघीजणी आधीच रजेवर, म्हणून मिळाली नाही. म्हणजे पाहुण्यांनी आधी जेवायचं, आराम करायचा, आणि तीन वाजता मुलगी पाहायची, असं ठरलं होतं. त्या जेवणासाठी गोपिकानं वडाभात योजला होता. कढी, कोशिंबीर, आणि गव्हाची खीर. हे तिसरं स्थळ. आधीची दोन गेली होती. हेही गेलं तर पंचवीस उलटणार, आणि मग बिजवराची पत्रं येऊ लागणार, हे तिला आरशात दिसावं तसं दिसत होतं.

रुपराव, तिचा नवरा, दाढी करता करता मागच्या दारात आला. अर्ध्या गालाला साबण.

"काय झालं वं? डाळ सोडून काहून बसली?"

"मी बाहेर बसली."

"आज?"

"मंग काय तुमाले विचारून बसू? माह्या हाती असते का ते?"

रुपरावाचा वस्तरा हवेतच राहिला. "आता निरोप तरी कसा धाडावा? गाडीत बसले असन ते लोकं."

"निरोप कायले धाडता? आलेल्या लक्ष्मीले परत पाठवता का? जेवणाचं पाहा म्हणते मी."

भिंतीपलीकडून अंजनाबाईचं डोकं वर आलं. अंजनाबाई म्हणजे शेजारीण, कोष्ट्याची, तोंडाची फटकळ पण जिवाला जीव देणारी. पलीकडे तिला सगळं ऐकू जात असे, आणि ऐकू गेलं नाही असं ती कधी दाखवतही नसे.

"गोपिके, मी रांधून देतो ना! तीन माणसाचं तर आहे."

"तुह्या घरी आज काय आहे?"

अंजनाबाईनं मागं आपल्या चुलीकडे पाहिलं. "इतवार आहे ना वं."

इतवार म्हणजे मटण. मसाला भाजल्याचा झणका सकाळपासून भिंतीवरून इकडे येत होता, आणि पाहुणे होते महानुभाव पंथाचे. जात एकच, पण पंथ वेगळा. गोपिकाला त्या पंथाची एवढीच माहिती होती, की ते मांसमच्छीच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत आणि पाळण्यात फार कडक असतात. माळकऱ्याहून कडक, असं मध्यस्थानं सांगितलं होतं. तेव्हापासून तिच्या मनात एकच बसलं होतं: या लोकांना सगळं सोवळ्यातलं लागणार.

"मंग हॉटेलच पाहा लागन," रुपराव म्हणाला आणि साबण लावलेल्या गालावरून हात फिरवून तो हाताकडे पाहू लागला. "विश्वनाथ म्हणत होता, सदरात एक—"

"विश्वनाथभाऊचं नाव काढू नका."

हे असं तोडून बोलायला कारण होतं. विश्वनाथ रुपरावाच्या हापिसात बाजूच्या टेबलावर बसे, आणि नागपुरात कुठं काय चांगलं मिळतं हे सांगणं हाच त्याचा खरा धंदा होता. फायली तो मधल्या वेळात पाहत असे. गेल्या वर्षी भंडाऱ्याचे पाहुणे आले तेव्हा रुपराव त्याच्या शब्दावर त्यांना सदरातल्या एका हॉटेलात घेऊन गेला होता. घरी गोपिका रांधायला तयार होती, पण रुपरावाला थाट दाखवायचा होता. पडद्याची खोली, टेबलावर कागदाची फुलं, गणवेशातला वेटर. आणि ताटात? पुऱ्या चामड्यासारख्या, वरणात वेटरचा अंगठा, बटाट्याची भाजी कालची, आणि पडद्याच्या पलीकडून तळलेल्या मासळीचा वास. पाहुण्यांनी दहीभात कालवून खाल्ला, मुलगी पाहिली, गेले. पत्र आलं नाही. मुलगी नापसंत की जेवण, ते देवाला ठाऊक. पण गोपिकानं त्या दिवशी वहीत लिहिलं होतं, 'परक्याच्या जिभेवर लेकीचं लग्न ठेवू नये.'

गंमत अशी, की तिनं स्वतः जन्मात हॉटेलातल्या पाण्याचा घोटही घेतलेला नव्हता. तरी नागपुरातली कुठली खानावळ कशी, हे तिला तोंडपाठ होतं. रुपराव दुपारी कधी कुणाच्या सांगण्यावरून बाहेर जेवला, की रात्री तो किती पोळ्या खातो ते ती मोजी. चार खाल्ल्या तर हॉटेल फुकट गेलं. दोनच खाऊन उठला तर बरं होतं. सांगणारा कितीही वाखाणो, नवऱ्याचं पोट खोटं बोलत नसे. विश्वनाथानं सांगितलेल्या एकाही जागेनंतर रुपराव चारच्या खाली थांबला नव्हता.

"बसस्टँडजवळचं लॉज?" रुपराव म्हणाला.

"तिथल्या वरणात डाळ हुडका लागते, तुमीच सांगतलं होतं."

"माह्या मावसभावाचं हॉटेल इतवारीच्या बाजारात आहे," अंजनाबाई भिंतीवर हात टेकून म्हणाली. "भात असा मोकळा, की शीत मोजून घ्या."

"अंजना, दिवाळीत तूच म्हणत होती, तो शिळा भात फोडणी देऊन वाढते म्हणून."

"ते भांडलो होतो तेव्हा म्हणलं असन. आता बोलणं सुरू आहे आमचं."

रुपरावाला हसू फुटलं, पण गोपिकाच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं ते साबणासकट पुसलं. नऊ वाजत आले होते.

"भैय्याजीकडे न्या," गोपिका म्हणाली.

महाल मोहल्ल्यातल्या भैय्याजीचं भोजनालय तिनं मंदिरात कीर्तनाला येणाऱ्या बायांकडून ऐकलं होतं. कांदा नाही, लसूण नाही. भैय्याजी स्वतः ओला पंचा नेसून रांधतो, चपला बाहेर, नळाचं पाणी नाही, विहिरीचं. नोकराचा हात लागलेलं भांडं पुन्हा घासतो. तिनं मनात सगळं पारखून पाहिलं. वास नाही, अंगठा नाही, पडदा नाही. यात खोट काढायला जागाच नव्हती.

"तुले काय माहीत? तू तर जेवली नाही तिथं," रुपराव म्हणाला.

"तुमी जेवून काय उजेड पाडला? जा, तीन-चार पानं सांगून या. आणि त्याले म्हणा, सगळं सोवळ्यात पायजे. पाहुणे लय कडक हायेत."

हे वाक्य तिनं दारापर्यंत गेलेल्या नवऱ्याला पुन्हा एकदा ओरडून सांगितलं.

दहा वाजून वीस मिनिटांनी पुढच्या दारी चपला वाजल्या. गोपिका पडवीत पाठ भिंतीला टेकून कान देऊन बसली. तिघं होते. मुलाचे वडील देवराव, आवाज जाडा, खोकल्याचा. आई पार्वतीबाई. आणि मुलगा केशव, कोळशाच्या खाणीत हजेरी-कारकून, त्याचा आवाज ऐकूच येईना.

"दंडवत," पार्वतीबाई म्हणाली.

"नमस्कार, नमस्कार, बसा. आमच्या घरच्याईले जरा... ताप आहे. मागं निजली आहे."

"ताप? मंग पाहून येतो मी."

"नाही, नाही! डोळा लागला तिचा."

गोपिकानं डोळे मिटले, जणू खरंच कुणी पाहायला येणार होतं. तिच्या समोर पाट्यावरची डाळ वाळत चालली होती. माशी बसली, तिनं लांबूनच पदर झटकला. ती डाळ आता कुणाच्या कामाची नव्हती. तिचा हात लागलेली. टाकूनच द्यायची. रुपरावाला उचलायला सांगायचं राहून गेलं होतं, आणि आता हाक मारायची सोय नव्हती.

साडेअकराला सगळे बाहेर पडले. घर शांत झालं. पोथी हातात घ्यायची नव्हती म्हणून ती मनातल्या मनात नाम घेत बसली. पण नामात मध्येच भात येई, कढी येई. भैय्याजी कढी आंबट करत असेल का? पार्वतीबाईला वाढताना वाकून वाढेल का? पलीकडे अंजनाबाईच्या चुलीवर रस्सा उकळत होता. "देवा, वारा तिकडचा तिकडेच ठेव," ती पुटपुटली.

सव्वाबारा झाले नसतील, तोच पुढचं दार वाजलं.

इतक्या लवकर?

महालात जायचं, बसायचं, चार पदार्थ खायचे, हात धुवायचे, परत यायचं. पाऊण तासात? ती ताठ बसली. जेवून आलेली माणसं घरात कशी येतात ते तिला ठाऊक होतं. आधी ढेकर येतो, मग पान, मग बसताना 'हुश्श'. आता यातलं काहीच नव्हतं. देवराव नुसते खोकले आणि मग कुणीच बोललं नाही. ती शांतता भंडाऱ्याच्या पाहुण्यांहून वाईट होती.

रुपराव मागच्या दारात आला. तोंड उतरलेलं. त्यानं आवाज अगदी खाली आणला.

"उठून आले. एक घास नाही खाल्ला."

"काहून? काय होतं ताटात?"

"सगळं होतं. साजूक तूप होतं. पानं वाढली, आमी बसलो. मंग भैय्याजी घंटी घेऊन आला. भिंतीत बालाजीची तसबीर आहे, तिच्यापुढं त्यानं पाणी फिरवलं, नैवेद्य दाखवला आणि हरेकाच्या भातावर तुळशीचं पान ठेवलं. म्हणे, 'घ्या, तुमी सोवळ्याचे सांगतले म्हणून आज खास तुमच्या समोर दाखवला. आमच्या इथं देवाच्या मुखी लागल्याबिगर ताट नाही.' झालं. ती बाई पानावरून उठली. तिच्या मागं नवरा, नवऱ्याच्या मागं पोरगा. भैय्याजी पाहातच राहिला. चार भरली पानं, गोपिके. भरली."

"अन्नावरून उठले?"

"ते दुसऱ्या देवाचा नैवेद्य खात नाहीत म्हणे. त्याईच्या पंथात चालत नाही. बाईनं हात जोडले भैय्याजीले, म्हणे, 'वावगं मानू नका, बाप्पा.' पण उठलीच."

रुपरावानं निवडलं नव्हतं, विश्वनाथानं निवडलं नव्हतं. अख्ख्या नागपुरातून चाळून, पाखडून ही एक जागा गोपिकानं निवडली होती, आणि जे तिला सगळ्यात शुद्ध वाटलं त्यावरूनच पाहुणे उठले होते. 'सगळं सोवळ्यात पायजे.' तिचंच वाक्य. भैय्याजीनं ते अक्षरशः पाळलं होतं.

"आता?"

"देवराव म्हणून राहिले, अडीचच्या गाडीनं परत जाऊ. उपाशी पोटी इथं बसून बाईले पित्त होते. पोरीले मंग कधी पाहू, म्हणे."

मंग कधी. त्या दोन शब्दांचा अर्थ रुपरावालाही कळत होता आणि तिलाही. पंचफुला अडीचला ड्यूटीवरून येणार, आणि अडीचला गाडी सुटणार.

"केळी आणा, दूध आणा—"

"बाजारात जाऊन येईस्तोवर—"

तेवढ्यात रुपरावाच्या मागून आवाज आला. "मोरी इकडेच आहे ना, दादा? हात-पाय धुतो जरा."

रुपरावाला आडवं येता आलं नाही. पार्वतीबाई पडवीत आली. पन्नाशीची, उंच, काळीसावळी, नऊवारी गुडघ्याशी घट्ट खोचलेली. तिनं पोत्यावर बसलेल्या गोपिकाकडे पाहिलं, चार हातांवरच्या पाट्याकडे पाहिलं, परातीतल्या डाळीकडे पाहिलं. बाईमाणसाला बाईमाणसाचं दुखणं सांगावं लागत नाही.

"ताप नाही तुले. बाहेर बसली आहेस."

गोपिका मान खाली घालून म्हणाली, "सकाळीच... डाळ वाटता वाटता. वडाभात करत होती तुमच्यासाठी. तुमी कडक पाळता म्हणून हॉटेलात धाडलं. माहीच चूक झाली, बाई. पोरीकडे पाहून पोटात घाला."

पार्वतीबाईनं पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं, आणि ती गोपिकाच्या जवळ येऊन, अगदी पोत्याला पदर लागेल अशी, खाली बसली. गोपिका आक्रसून मागं सरली.

"शिवू नका! आंघोळ करा लागन तुमाले!"

"आमच्यात हे नाही पाळत वं."

"काय नाही पाळत?"

"हेच. नाकाले शेंबूड येते, डोळ्याले चिपाड येते, तसंच हे. देहाचं आहे, देहातून जाते. धुतलं की झालं. आमच्या गुरूचं सांगणं आहे, बाईनं त्याच्यापायी देव सोडू नये न् चूल सोडू नये. तू रांधलं असतं तर मी पोटभर खाल्लं असतं." ती थांबली, आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अजूनही खाईन. सकाळी चारला उठलो आमी. भूक लागली मले."

भिंतीपलीकडे अंजनाबाईचा झारा वाजायचा थांबला होता.

समोरची बाई रागानं बोलली असती तर गोपिकाला सोपं होतं. पाया पडून मोकळं होता आलं असतं. पण ही मागत होती. पाहुणी, भुकेली, दारात. आणि आत, भिंतीच्या पलीकडे, देव्हारा होता. या हातांनी आज चूल पेटवायची म्हणजे सव्वीस वर्षांचं पाळणं एका दुपारी मोडायचं. ते मोडलं आणि उद्या पोरीच्या संसारात काही वाकडं झालं, तर? दोष कुणाला द्यायचा? आणि नाही म्हटलं तर अडीचची गाडी. उपाशी गेलेला पाहुणा गावभर सांगत नसेल, पण विसरतही नाही. तिनं रुपरावाकडे पाहिलं. तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. आईच्या शिरस्त्याचा धाक त्याच्या तोंडावर अजूनही दिसत होता.

"पंचफुलाचे बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी आत येणार नाही. घरच्या चुलीले शिवणार नाही. अंगणात, तुळशीपासून दूर, तीन विटा मांडा. लोखंडी कढई, भाताचा पितळी गंज, तांदूळ, तेल, मीठ, मोहरी, दही, बेसन, सगळं पडवीत आणून खाली ठेवा. माह्या हातात देऊ नका. देवघराचं दार लावून घ्या."

"गोपिके, माय असती तर..."

"माय असती तर मायनं रांधलं असतं. विटा मांडा."

रुपराव गेला. विटा मांडल्या, काटक्या आणल्या, पुढच्या खोलीत धूर जाऊ नये म्हणून आडोशाला पत्रा लावला. पार्वतीबाईनं इकडे बसल्या जागेवरून पाट्याकडे हात केला.

"ही डाळ कोणाची वाट पाहून राहिली?"

"ती फेकायची आहे. हात लागला तिले माहा."

"फेकते काय अन्न!" आणि पार्वतीबाई पाट्यापुढं सरकली, परातीतली राहिलेली डाळ तिनं ओंजळीनं वर घातली, आणि वरवंटा फिरवू लागली. जाडसर, दाणा राहील अशी. वड्याला लागते तशीच. पाहुणी बाई लेकीच्या सोयरिकीला आली आणि पाट्यावर बसली. हे गोपिकानं पाहिलं, आणि तिचा हात आपोआप काटक्यांकडे गेला.

गंजात आधण आलं, तांदूळ पडला. भात उतरून कढी उकळली, आणि कढईत वडे तळले जाऊ लागले. वास सुटला तसं भिंतीवरून अंजनाबाईचं डोकं वर आलं आणि न बोलता परत खाली गेलं. थोड्या वेळानं तिकडून भिंतीवर एक लिंबू आणि चार हिरव्या मिरच्या येऊन पडल्या.

"मिरचीले तरी मटण लागलं नाही माह्या," तिकडून आवाज आला.

पार्वतीबाई पहिल्यांदा हसली. गोपिकाला हसू आलं नाही. तिचं सगळं लक्ष पुढच्या गोष्टीत होतं.

पानं पडवीतच मांडली. देवराव बसले, केशव बसला, पार्वतीबाई बसली. चौथं पान रुपरावाचं. तो उभाच होता. यजमान जेवला नाही तर पाहुण्याच्या घशाखाली घास कसा उतरावा? आणि जेवला तर, बायकोच्या अशा दिवसातलं अन्न, जे या घरात कुत्र्यालाही घातलेलं नव्हतं. देवरावांचा हात पानावर थांबला होता. सगळे रुपरावाकडे पाहत होते. गोपिका पळी हातात घेऊन उभी होती.

रुपरावानं टोपी काढली, खुंटीला लावली, आणि बसला.

"वाढ," तो म्हणाला.

तिनं भात वाढला, वर वडे कुस्करले, तेलाची फोडणी घातली. नैवेद्य दाखवला नाही. जन्मात पहिल्यांदा तिच्या हातचं अन्न देवाला न दाखवता पानात गेलं. रुपरावानं पहिला घास घेतला. मग देवरावांनी. केशवनं कढी तीनदा मागून घेतली, आणि सकाळपासून त्याचा आवाज तिनं ऐकला तो तेव्हाच.

अडीच वाजून गेले तेव्हा पंचफुला दारात आली. पायात चपला, खांद्याला पर्स. पडवीत धूर, आई चुलीपुढं, शेजारी अनोळखी बाई तांदूळ निवडल्यासारखा पानातला वडा हातानं मोडून खाते आहे. पोरगी जागच्या जागी थबकली. कोपऱ्यातलं उलगडलेलं पोतं आणि देवघराचं लावलेलं दार पाहून तिला कळलं. आई पोत्यावर दिसायला हवी होती.

"आई? तू... चुलीजवळ?"

"बस इथं," पार्वतीबाई म्हणाली. "साडी बदलू नको, पावडर लावू नको. मले असंच बोलायचं आहे." तिनं हात धुतला. "हे पाहा, आधीच सांगतो, मागून रडारड नको. आमच्या घरी गणपती बसत नाही. महालक्ष्म्या बसत नाहीत. दुसऱ्या देवाचा नैवेद्य आमी खात नाही. तुह्या मायच्या घरी सगळे देव आहेत. तुले जमन का?"

गोपिकाच्या हातातली पळी कढईच्या कडेला लागून वाजली. आपण सकाळपासून जेवणाला घाबरत होतो. खरा प्रश्न तर हा होता, आणि तो कुणी विचारलाच नव्हता. पोरगी आईकडे पाहत होती. 'हो म्हण' असं गोपिकाला ओरडावंसं वाटलं, आणि 'हो म्हणू नको' असंही.

पंचफुला बसली. पर्स मांडीवर घेतली.

"तुमच्या घरी तुमचं पाळीन," ती म्हणाली. "पण माहेरी आली, की आईच्या देवाचा प्रसाद खाईन. लपून नाही, तुमच्यासमोर सांगून. ते चालत नसन तर आत्ताच सांगा, काकू. गाडी पाच वाजताही आहे."

देवराव खोकले. केशव अंगठ्यानं जमीन उकरू लागला. रुपरावानं कपाळाला हात लावला. तीन स्थळं, आणि पोरगी अशी बोलते.

पार्वतीबाईनं एका पानावर भात घेतला. तिनं परातीत उरलेला एक वडा उचलला, भातावर कुस्करला, आणि ते पान पंचफुलापुढं सरकवलं.

"ड्यूटीवरून आली. जेव आधी." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "पोरगी पाहिली मी. तुमाले काही विचारायचं असन तर विचारा. मले नाही."

देवरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि केशवकडे पाहिलं. केशव जमिनीकडेच पाहत होता, पण मान हलली. होकारार्थी.

पंचफुलानं त्या पानाकडे पाहिलं, मग आईकडे. आईच्या आजच्या हातचं. गोपिकानं डोळ्यांनीच सांगितलं, जेव. पोरीनं घास घेतला.

पाचच्या गाडीनं पाहुणे गेले. होळी झाली की पत्रिका पाहू, असं देवराव दारात म्हणाले; पार्वतीबाई जाताना गोपिकाच्या हाताला हात लावून गेली, मुद्दाम.

गोपिका पुन्हा पोत्यावर येऊन बसली. विटांतली राख अजून ऊन होती. कढई आणि गंज चिंचेनं, राखेनं घासून विस्तवातून काढायचे होते. विटाळातल्या चुकांसाठीची ऋषिपंचमी दरवर्षी करतेच ती, यंदा जरा जास्त मनानं करावी लागणार होती. देवांनी आजचं कसं घेतलं, ते पाचव्या दिवशी देव्हाऱ्यापुढं बसल्यावरच कळणार. पण एक गोष्ट तिला देवांच्याही आधी टोचत होती. महालात एक माणूस ओल्या पंच्यानं सकाळपासून राबला होता, तिच्या शब्दावर राबला होता, आणि त्याच्या समोर चार भरली पानं तशीच उठली होती. अन्नाचा अपमान त्याच्याकडून झाला नव्हता.

गुरुवारी डोक्यावरून पाणी घेऊन, देवाला दिवा लावून झाला, की तिला महालात जायचं होतं, भैय्याजीच्या भोजनालयात, त्याची माफी मागायला.